शिकारीची डॉगकार्ट पुन्हा चाकांवर उभी करताना

मिरजेच्या आमच्या वाड्यात, गोठ्याला लागून असलेल्या पडवीत, एक डॉगकार्ट, म्हणजे शिकारी कुत्रे नेण्याची सोय असलेली दुचाकी घोडागाडी, अनेक वर्षे पडून होती. ८ मार्च १९४८ रोजी सांगली-मिरजेकडची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली, त्यानंतरच्या काळात पणजोबांनी ती एका जहागीरदाराकडून विकत घेतली होती. दुरुस्तीचा विषय निघाला तेव्हा काकांचे म्हणणे असे होते की, गादी आणि छत बसवून ती वरातीला भाड्याने द्यावी. मी त्याला ठाम विरोध केला, कारण गाडीची घडण नीट पाहिली की ती शिकारीसाठीच बांधलेली आहे याविषयी शंका उरत नाही.

तिच्या दोन बैठका एकमेकींना पाठ लावून आहेत आणि त्यांच्याखाली एक लांबरुंद पेटी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधील जमीनदार अशाच पेटीतून शिकारी कुत्रे माळावर नेत, म्हणून तिच्या दोन्ही बाजूंना हवा खेळण्यासाठी तिरप्या पट्ट्यांची झडप ठेवलेली असे. मागची फळी साखळ्यांवर खाली उघडते आणि मागे बसणाऱ्यांना पाय टेकायला उपयोगी पडते. बरीच मंडळी असली तर ‘ब्रेक’ नावाची चारचाकी घोडागाडी असे. तिचे मूळ रूप म्हणजे कोवळ्या घोड्यांना जुंपून घ्यायची सवय लावणारा उघडा सांगाडा. शेजारच्या कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराज स्वतः हाकत असलेला खडखडा (एक घोडागाडी) आणि तेथील चित्त्यांकरवी होणारी काळविटांची शिकार यांच्या गोष्टी आमच्या भागात अजून सांगितल्या जातात. शिकार आज कायद्याने बंद आहे आणि ती बंद आहे हेच योग्य. पण त्या काळातील कारागिरी वरातीच्या झालरींखाली झाकून टाकणे मला मान्य नव्हते.

पेटीच्या झडपांवर कोणीतरी पत्रा ठोकला होता. तो काढल्यावर आतील सागवानी पट्ट्या जवळजवळ शाबूत निघाल्या, म्हणून त्या न बदलता केवळ घासून तेलपाणी केले. खरा प्रश्न चाकांचा होता. सांगली जिल्ह्यात उसाच्या बैलगाड्यांना रबरी टायर आले आणि लाकडी चाक बांधणारे सुतार कमी होत गेले. बऱ्याच चौकशीनंतर तासगावच्या बाजूला एक वयस्कर सुतारमामा भेटले. चाक जमिनीवर आडवे ठेवून त्यांनी त्यावर सरळ पट्टी धरली आणि आरे तुंब्यापासून, म्हणजे चाकाच्या मधल्या गाभ्यापासून, बाहेरच्या बाजूला किंचित झुकलेले आहेत, हे मला दाखवले. "हा झोल चुकून आलेला नाही, मुद्दाम ठेवलाय. गाडी वळणावर कलली तरी चाक मोडत नाही," असे त्यांनी समजावले. कुजलेले आरे त्यांनी मुरलेल्या बाभळीचे घातले; तुंबे मात्र जुनेच राखले.

धाव, म्हणजे चाकाभोवतीची लोखंडी पट्टी, चढवण्याचे काम मी जवळ उभे राहून पाहिले. धावेचा परीघ चाकापेक्षा थोडा कमी ठेवतात, ती गोवऱ्यांच्या आरात लाल होईपर्यंत तापवतात आणि सांडशींनी उचलून चाकावर बसवून घण मारतात. लाकूड पेट घेऊ लागते न लागते तोच चहूबाजूंनी पाणी ओतले जाते. धाव आक्रसते आणि आरे, तुंबा, परिघावरचे लाकडी तुकडे कडकड आवाज करीत एकमेकांत घट्ट रुततात. खिळ्यांनी अशी पकड कधीच आली नसती.

आसाची रचना विलायती निघाली. पितळी टोपीखाली तेल साठवण्याची जागा होती आणि चाक धरून ठेवणाऱ्या दोन चाक्यांपैकी (नटांपैकी) एकीचे आटे उजवे, तर दुसरीचे डावे होते, जेणेकरून चाक फिरताना एक सैल होऊ लागलीच तर दुसरी तिला अडवील. इंग्लंडमध्ये जॉन कॉलिंज यांनी १७८७ मध्ये पेटंट घेतलेला आस पुढे याच धर्तीवर प्रसिद्ध झाला. आमच्या लोहाराने डाव्या आट्यांची चाकी उजवी समजून पिळायला घेतली, तेव्हा मी त्याला वेळीच थांबवले. आटे गेले असते तर तशी चाकी येथे घडवून घेणे फार अवघड होते.

शेवटची परीक्षा तोलाची. दुचाकी गाडीत वजन पुढे गेले तर ते घोड्याच्या पाठीवर येते आणि मागे गेले तर दांड्या वर उचलून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, पोटाला काचतो. म्हणूनच या गाडीची बैठक पुढेमागे सरकते. एका जुन्या टांगेवाल्या चाचांनी आपली घोडी जुंपली, आम्ही चौघे बसलो आणि बैठक थोडी पुढे घेतल्यावर दांड्या घोडीच्या कुशीला सैल राहिल्या. बायपासकडच्या कच्च्या वाटेवर तिने दुडकी धरली, तेव्हा कमानींनी धक्के छान झेलले. आता पितळी बत्त्यांच्या काचा मिळवायच्या आहेत आणि रंग द्यायचा आहे. मूळ गडद हिरव्या रंगाचा एक कपचा बैठकीखाली सापडला असून, त्यावरूनच छटा जुळवण्याचे काम सांगलीतील एका रंगाऱ्याकडे दिले आहे.