तुम्ही विचारलंत म्हणून: सातोच का?

फॉर्म्युला वनमध्ये एकही शर्यत न जिंकलेला, सारखा गाडी ठोकणारा जपानी ड्रायव्हर ताकुमा सातो तुम्हाला एवढा का आवडतो, हे इतक्या जणांनी विचारून झालंय की आता एकदाच नीट लिहून टाकते.

गाडी ठोकायचा, मान्य. एफ-वनमध्ये पोडियमही (पहिल्या तिघांतला क्रमांक) एकच, २००४चा, इंडियानापोलिसला. पण हिशेब मांडायचाच तर पूर्ण मांडा. बरोबरीची मुलं लहानपणापासून कार्टिंग (छोट्या गाड्यांच्या शर्यती) करत होती तेव्हा हा सायकलच्या शर्यती मारत होता. सुझुकाच्या रेसिंग स्कूलमध्ये उशिरा शिरला आणि २००१ला ब्रिटिश एफ-थ्रीचा, म्हणजे एफ-वनच्या खालच्या पातळीवरच्या स्पर्धेचा, विजेता झाला. २००७ला कॅनडात सुपर अगुरीसारख्या फाटक्या खिशाच्या टीमच्या गाडीतून त्याने मॅक्लारेनसारख्या बड्या टीमच्या, विश्वविजेत्या अलोन्सोला मागे टाकलं. हे कुणाला आठवत नाही.

आठवतं ते २०१२चं इंडी ५००, अमेरिकेतली पाचशे मैलांची मोठी शर्यत. दोनशेवी, म्हणजे शेवटची फेरी. पुढे दारिओ फ्रँकिटी, त्याला चिकटून सातो. पुढच्या गाडीने हवा कापलेली, त्या पोकळीत वेग घेत सातो पहिल्या वळणाला आतून घुसला. आत जागा जेमतेम. चाकं ट्रॅकच्या आतल्या कडेच्या पांढऱ्या रेषेखाली उतरली, मागची बाजू सुटली, गाडी गर्रकन फिरून भिंतीवर. फ्रँकिटी जिंकला. दुसरा क्रमांक हातात असलेला सातो निकालात सतरावा.

मी तेव्हा चिडून ओरडले होते, अरे, दुसरा आला असतास तर काय बिघडलं असतं! त्या वेळच्या मला आज विचारावंसं वाटतं: इंडी ५००मध्ये शेवटच्या फेरीला पुढच्या गाडीच्या इतक्या जवळ माणूस आयुष्यात कितीदा पोचतो? फ्रँकिटीने पुरेशी जागा सोडली नाही, असं सातोचं म्हणणं होतं. मलाही तसंच वाटतं. मग ती तेव्हाची मी उलट विचारते, पुढे असलेल्याने का सोडावी? तिथे मी अडते.

२०१७ला तो तीच शर्यत जिंकला, ती जिंकणारा पहिला जपानी. २०२०ला पुन्हा जिंकला. लोक म्हणाले, धडा शिकला. मला हे मुळीच पटत नाही. २०१७लाही पाच फेऱ्या उरल्या असताना त्याने चाल केलीच आणि कास्ट्रोनेव्हेसच्या पुढे गेला. कास्ट्रोनेव्हेस पुन्हा अंगावर आला, सातोने त्याला पुढे जाऊ दिलं नाही. फरक ०.२०११ सेकंदाचा.

म्हणजे फ्रँकिटीने केलं तेच सातोनेही केलं? मी म्हणते नाही, सातोने शेजारी गाडीपुरती जागा ठेवली होती. ती तेव्हाची मी म्हणते, जिंकला म्हणून तुला तसं दिसतं.