हात लावू नये

पुण्यातल्या माझ्या पहिल्या नोकरीत एक खोली होती जिच्यात शिरायच्या आधी चपला काढाव्या लागायच्या. १९९५ ची गोष्ट. देवघर नाही हो, कॉम्प्युटर रूम. ऑफिसात बाकी सगळीकडे पंखे आणि एसी फक्त या खोलीला, त्यामुळे मे महिन्यात काहीतरी निमित्त काढून तिथे दोन मिनिटं उभं राहायला सगळेच टपलेले असायचे. आत टेबलावर सन नावाच्या अमेरिकन कंपनीचं स्पार्कस्टेशन आयपीएक्स हे मशीन आणि मॉनिटरच्या कडेला सेलोटेपने चिकटवलेला कागद, 'हात लावू नये'. आम्ही ट्रेनी पोरं बाहेर टर्मिनलवर बसायचो, म्हणजे काम त्याच मशीनवर चालायचं पण मशीनला शिवायचं नाही, शिवायचा मान एकट्या सिस्टिम अ‍ॅडमिनचा, आणि तो माणूस कीबोर्ड पुसायचा तेसुद्धा समईची काजळी पुसावी तसा.

एका शनिवारी मी प्रिंटआउट आणायला आत गेलो तर खुर्ची रिकामी. बसलो. नुसतं बसायचंच होतं खरं, पण माणूस खुर्चीत बसला की हात आपोआप कीबोर्डवर जातात, आणि सनच्या कीबोर्डला डाव्या बाजूला जास्तीच्या बटणांची एक रांग असते, तिथे सगळ्यात वर 'स्टॉप' म्हणून बटण. माझी करंगळी त्यावर आणि तर्जनी 'ए' वर. दाबलं गेलं. स्क्रीनवरच्या खिडक्या जागच्या जागी थिजल्या, मधोमध दोनतीन ओळी उमटल्या आणि खाली एकच शब्द, 'ओके'. माझ्या दृष्टीने काहीही ओके नव्हतं, कारण बाहेरून "अरे अडकलं रे" असे आवाज यायला लागले होते. मी घाबरून मागचं बटणच बंद केलं आणि चपला हातात घेऊन सटकलो. नंतर डिस्क तपासत ते मशीन किती वेळ बसलं होतं ते सांगत नाही, पण सोमवारी "शनिवारी आत कोण होतं" असं विचारलं गेलं तेव्हा मी फार मन लावून कोड वाचत होतो.

आता मी न्यू जर्सीत राहतो आणि बेसमेंटमध्ये अशी अकरा मशीन्स आहेत. बायको त्यांना भंगार म्हणते. आई दर वर्षी भारतातून आली की जिन्यात उभी राहून विचारते, "अरे यातलं एक तरी चालतं का?" चालतात की. सगळी एकदम नाही, पण चालतात.

त्यातलं पहिलं अर्थातच आयपीएक्स. १९९१ चं मॉडेल, ४० मेगाहर्ट्झ, जेमतेम दहा इंची चौकोनी खोकं, अमेरिकेत याला 'लंचबॉक्स' म्हणतात, म्हणजे आपला डबा. सनची चपटी मशीन्स 'पिझ्झा बॉक्स' आणि हे लंचबॉक्स, या लोकांना जेवणाशिवाय दुसरी उपमा सुचत नसावी. सन हे नाव मात्र सूर्यावरून नाही, स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कची आद्याक्षरं. १९८२ मध्ये चौघांनी मिळून कंपनी काढली आणि त्यातले विनोद खोसला जन्मले पुण्यात. वाढले दिल्लीला, पण जन्म पुण्याचा म्हटल्यावर आम्ही तेवढ्यावर सगळ्या कंपनीवर हक्क सांगायला मोकळे.

डबा घरी आला तेव्हा त्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नव्हतं. हे शब्दशः. या मशीनमध्ये चोवीस पायांची एक जाड काळी चिप असते, तिच्यात घड्याळ, सगळी सेटिंग्ज आणि नेटवर्कवरचा पत्ता, आणि हे सगळं लक्षात ठेवायला लागणारी बॅटरी चिपच्या डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये कायमची ओतून बसवलेली. दहाएक वर्षं टिकेल या हिशोबाने. बनवणाऱ्याला वाटलं असणार, दहा वर्षांनी हे मशीन वापरणार कोण? बॅटरी मेली की पत्त्याच्या जागी नुसते एफ एफ एफ एफ दिसतात आणि जुनी लायसन्सवाली सॉफ्टवेअर्स याच चिपमधला मशीनचा नंबर बघून चालायची, ती तर ओळखच दाखवत नाहीत.

मग मी एका रविवारी ती चिप पकडीत धरून कानशीने बाजूने घासत बसलो. आधी काळी भुकटी, मग हळूच पितळेसारखी चकाकणारी दोन टोकं दिसायला लागतात, तिथे थांबायचं, अर्धा मिलिमीटर जास्त घासलं की चिप गेली. जुन्या बॅटरीकडे जाणारी जोडणी तोडायची आणि त्या टोकांना बारीक वायर सोल्डर करून वर नाण्याएवढ्या सेलचं घर बसवायचं. सोल्डर वितळून चकाकत पसरताना दर वेळी मला आमच्या वाड्यातला कल्हईवाला आठवतो, तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकला की तो पांढरा धूर आणि मागोमाग कापसाच्या बोळ्याने फिरवलेलं कथील. इकडे कथील आहे पण नवसागर चालत नाही, तो बोर्ड खाऊन टाकेल, इकडे राळ. धूर मात्र तितकाच, आणि बायकोची खोकला काढत मारलेली हाकही.

बॅटरी बसली तरी पत्ता परत हाताने भरावा लागतो. पहिले तीन आकडे सनचे ठरलेले, शून्य-आठ, शून्य-शून्य, वीस. पुढचे तीन तुमचे. या छंदातल्या लोकांची जुनी प्रथा अशी की तिथे सी शून्य, एफ एफ, ई ई भरायचं, म्हणजे 'कॉफी'. मला चहा भरायचा होता, पण या आकड्यांत अक्षरं ए पासून एफ पर्यंतच, त्यात टी कुठून आणणार. शेवटी कॉफीच भरली. मग पॉवर सप्लाय उघडला, त्यातले कपॅसिटर गळलेले, मासळीसारखा वास, तेही सगळे बदलले. एवढं करून स्क्रीनवर सनचा लोगो आला, तो चौकोन, जो कुठूनही फिरवून वाचला तरी सनच वाचला जातो, व्हॉन प्रॅट नावाच्या स्टॅनफर्डच्या प्रोफेसरांनी केलेला.

मशीनचं प्लॅस्टिक मात्र मी पिवळं ते पिवळंच ठेवलंय. ते पांढरं करायचा उपाय आहे, हायड्रोजन पेरॉक्साइडची क्रीम फासून उन्हात ठेवायचं, आणि ती क्रीम मिळते कुठे तर केस रंगवायच्या सामानात. म्हणजे सरळ सरळ कलपच. आणि कलपाचं जे होतं तेच याचं, काही महिन्यांनी मुळं दिसायला लागतात. मला नाही पटत.

उचलून न्यायच्या कॉम्प्युटरांची गंमत वेगळी. माझ्याकडे एक ऑस्बॉर्न वन आहे, १९८१ चा, किंमत तेव्हा १,७९५ डॉलर, वजन ११ किलो, स्क्रीन पाच इंची. याला पोर्टेबल म्हणायचं कारण एकच, वर हँडल आहे. आपल्याकडे या हिशोबाने पिठाची गिरणीही पोर्टेबल झाली असती. तो बनवणारे अ‍ॅडम ऑस्बॉर्न लहानपणी तिरुवन्नामलाईत वाढले, वडील रमण महर्षींचे भक्त, आणि शेवटही २००३ मध्ये कोडाईकनाललाच झाला. मध्ये अमेरिकेत कंपनी काढली, धो धो चालली आणि १९८३ मध्ये दिवाळं. हे कळल्यापासून मी त्या धुडाकडे जरा मायेने बघतो. पण माझी खरी हाव आहे ती एचपीच्या इंटिग्रल पीसीची, १९८५ चा, हँडल आहेच, अंबर रंगाचा स्क्रीन, युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम डिस्कवर नाही तर रॉममध्ये, म्हणजे कायमच्या मेमरी चिपमध्येच भरलेली आणि वर आत बसवलेला प्रिंटर! प्रिंटर! बेसमेंटमध्ये जागा नाही हे मला ठाऊक आहे.

तर ही वरात घेऊन मी वसंतात वॉल टाउनशिपला जातो, व्हिंटेज कॉम्प्युटर फेस्टिव्हल ईस्टला. जागा म्हणजे जुना लष्करी कॅम्प, कॅम्प इव्हान्स, जिथून १० जानेवारी १९४६ ला चंद्रावर रडारचा सिग्नल मारून त्याचा परतलेला ठोका पकडला होता. आता तिथे इन्फोएज म्हणून म्युझियम आहे आणि फेस्टिव्हलला आमच्यासारखे लोक घरची टेबलं मांडतात. मला हे काचेच्या कपाटांपेक्षा बरं वाटतं. म्युझियममध्ये बंद मशीन बघणं म्हणजे हलवायाच्या दुकानातला काचेमागचा पेढा. सिएटलला मायक्रोसॉफ्टचे एक संस्थापक पॉल अ‍ॅलन यांनी २०१२ मध्ये उघडलेलं म्युझियम होतं, तिथे लोकांना जुन्या मशीनवर बसून चक्क टाइप करता यायचं. २०२० मध्ये बंद झालं ते परत उघडलंच नाही, २०२४ मध्ये संग्रहातल्या काही वस्तू क्रिस्टीजच्या लिलावात गेल्या. तशी हात लावू नयेची परंपरा मोठीच म्हणा, जगातला पहिला वेब सर्व्हर म्हणजे सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेतला, वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांचा नेक्स्ट कंपनीचा कॉम्प्युटर, त्यावरही लाल शाईने लिहिलेला कागद आहे, हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका.

माझ्या टेबलावर असला कागद नसतो. त्याची किंमत मोजावी लागते. सनच्या त्या वेळच्या माउसला खाली धातूचा चकचकीत पत्रा लागतो, बारीक रेघांची जाळी छापलेला, माउस त्या रेघा मोजत चालतो, पत्रा आडवा फिरवला की बाण भलतीकडे पळतो. त्याच्यावर लोक कॉफीचा कप ठेवतात. दिवसातून तीनदा मी तो कप उचलून, पत्रा पुसून, सरळ करून ठेवतो, आणि मागून माझीच मुलगी म्हणते, "बाबा, घरी आम्हाला मात्र हात लावू देत नाहीस." मी ऐकलं नाही असं दाखवतो. १९९५ पासूनचा सराव आहे.

मागच्या खेपेला दुपारी एक आजोबा आले, काठी, टोपी, बरोबर कोणी नाही. बराच वेळ डब्याकडे बघत उभे. मी खुर्ची पुढे केली तर नको म्हणाले. मग न विचारताच डावा हात कीबोर्डवर नेला, करंगळी, तर्जनी, आणि माझ्या डोळ्यांदेखत स्टॉप-ए. स्क्रीन थिजला, कोपऱ्यातल्या घड्याळाचा सेकंदकाटा आकड्यांच्या मध्येच अडकला. माझ्या पोटात तोच शनिवारचा गोळा, हात मागच्या बटणाकडे निघालेलासुद्धा. आजोबांनी काठीच्याच हाताचं एक बोट वर करून मला थांबवलं आणि स्क्रीनवरच्या ओळीकडे दाखवलं. तिथे स्वच्छ इंग्रजीत लिहिलेलं होतं, पुढे चालू करायला 'गो' टाइप करा.

त्या शनिवारीही ते तिथेच लिहिलेलं असणार.

आजोबांनी जी दाबलं, ओ दाबलं, एंटर मारला, काटा चालायला लागलेला बघितला आणि जाता जाता तो पत्रा बोटाने सरळ केला.