त्रेचाळीसचा खंड

सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून एका मराठी मासिकाचे बांधीव खंड दुरुस्तीला आले. १९३८ ते १९४६, वर्षाला एक खंड. जुना कागद सांभाळायच्या कामात पहिली पायरी ठरलेली असते: खंड वर्षवार उभे करायचे आणि प्रत्येकाची जाडी मोजायची. एकोणचाळीसचा खंड ५२ मिलिमीटर भरला, त्रेचाळीसचा १९. अंक दोन्हींत बाराच.

एप्रिल १९४० मध्ये जर्मनीने नॉर्वेवर हल्ला केला आणि स्कँडिनेव्हियाचा कागद इकडे यायचा थांबला. कॅनडाचा कागद होता, पण तो आणायला जहाजांत जागा मिळेना. देशात न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा स्वस्त कागद, तयारच होत नव्हता. नेपानगरची न्यूजप्रिंटची गिरणी सुरू झाली ती १९५५ मध्ये. बांबू आणि गवताच्या लगद्यापासून छपाईचा कागद करणाऱ्या देशी गिरण्या होत्या, पण त्यांच्या मालातला मोठा वाटा सरकारने स्वतःच्या कामासाठी घेतला. १९४४ मध्ये तर कागदाच्या काटकसरीचा वेगळा आदेशच निघाला. संपादकाला जो कागद मिळेल त्यावर अंक काढावा लागे.

तो कागद कसला होता, हे त्रेचाळीसच्या खंडाने आम्हाला दाखवले. कडेचे गळून पडलेले दोन कण बशीत घेतले आणि त्यांवर फ्लोरोग्लुसिनॉल या तपासणीच्या रसायनाचा एकेक थेंब सोडला. या द्रावणात तीव्र आम्ल असते, म्हणून ते पानावर कधीच टाकायचे नाही, फक्त सुट्या तुकड्यावर. एक कण काही क्षणांत गर्द गुलाबी झाला, दुसरा जवळपास तसाच राहिला. गुलाबी रंग म्हणजे लिग्निन, लाकडातले तंतू धरून ठेवणारा घटक; म्हणजे नुसते लाकूड दळून केलेला कागद. दोन्ही कण एकाच अंकातले, लागोपाठच्या दोन फॉर्मांतले, म्हणजे एकत्र छापलेल्या पानांच्या दोन गटांतले. सोळा पाने गिरणीच्या बऱ्या कागदावर आणि पुढची सोळा न्यूजप्रिंटवर, अशी त्या महिन्याची छपाई उरकली होती. आज पहिला फॉर्म हातात घेऊन वाचता येतो. दुसऱ्याचा कोपरा एकदा दुमडला की तुटतो.

चित्रांत झालेला बदल मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. एकोणचाळीसच्या अंकांत आर्ट पेपरवर छापलेले रंगीत चित्र वेगळे चिकटवलेले आहे, वर पातळ कागदाचा पडदा. आतली चित्रेही शाईच्या पातळ-गडद छटांची. अशा छटा छापायला जाळीचा हाफटोन ठोकळा लागतो, म्हणजे चित्र बारीक ठिपक्यांत फोडणारा छपाईचा ठसा. आर्ट पेपरवर इंचाला १२० ते १३३ रेघांची जाळी चालते. न्यूजप्रिंटवर ती घेतली तर शाई पसरून ठिपके एकमेकांत मिसळतात आणि चेहऱ्याचा नुसता डाग होतो. तिथे ५५ ते ६५ रेघांची भरड जाळी घ्यायची, नाहीतर छटा सोडून नुसत्या रेघांचा ठोकळा करायचा. बेचाळीसपासून या मासिकातल्या चित्रकाराने छटा सोडल्याच. ठसठशीत ब्रशची रेघ, भरीव काळा भाग, मोकळी सोडलेली पार्श्वभूमी. तपकिरी कागदावर ती चित्रे आजही खणखणीत दिसतात. मराठी मासिकांत पुढे जे रेखाचित्र बहरले, त्याची तालीम या वाईट कागदावर झाली, असे माझे मत आहे. चित्रकार दीनानाथ दलालांनी ‘दीपावली’ हे नियतकालिक सुरू केले १९४५ मध्ये, युद्ध संपले त्या वर्षी.

मजकुराचेही तसेच. एकोणचाळीसमधली मोठी कथा बारा पानांची, त्रेचाळीसमधली पाच पानांची. खिळा, म्हणजे छपाईचा टाइप, बारीक झाला, ओळींमधल्या शिशाच्या पट्ट्या काढून टाकल्या, कविता कथेच्या पायथ्याशी उरलेल्या जागेत गेली. कागदटंचाईने नवकथा जन्माला घातली, असे मी म्हणणार नाही. गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले या नवकथाकारांच्या लिखाणामागची कारणे वेगळी आणि खोल आहेत. पण संपादकाच्या टेबलावर तेव्हा आखूड कथेला जागा होती आणि लांब कथेला नव्हती, हे या खंडांत मोजून दाखवता येते. टंचाई कागदापुरती नव्हती; सिनेमाची फिल्मही परदेशातून यायची. युद्धकाळात कथापटाला ११,००० फुटांची मर्यादा आली. मिनिटाला ९० फूट धरले तर दोन तास आणि वर दोन मिनिटे. इथे प्रभातसारख्या कंपन्यांनाही गोष्ट तेवढ्यात बसवावी लागली.

दुरुस्ती सुरू केली ती तारांपासून. शिलाईच्या लोखंडी तारा गंजलेल्या. त्या ओढायच्या नाहीत. मागून दुमडलेली टोके पातळ पात्याने उभी करायची आणि मग समोरून उचलायच्या, नाहीतर तारेबरोबर कागदाचा तुकडा येतो. कागदाची आम्लता मोजली, पीएच साडेचारच्या आसपास. छपाईची शाई पाण्याला दाद देत नाही, पण ग्रंथालयाचा जांभळा शिक्का लगेच फुटतो. टिपकागदाने तपासल्याशिवाय पान बुडवायचे नाही. बिनशिक्क्याची पाने आम्लता मारायला चुन्याच्या निवळीत वीस मिनिटे ठेवली. त्याने न्यूजप्रिंट थोडा पिवळा होतो. आम्ही ते चालवून घेतो, कारण इथे रंगापेक्षा आयुष्य मोलाचे.

पाने सांधायची खळ गव्हाच्या स्टार्चची, मोरचूद न घालता. जुने बाइंडर कसर लागू नये म्हणून मोरचूद घालत, पण त्यातले तांबे कागद लवकर कुजवते. पहिल्या पानाला खळ जरा पातळ झाली आणि ओल जिथवर गेली तिथे तपकिरी रेघ उमटली. लिग्निनचे कुजलेले अंश पाण्याबरोबर सरकतात आणि ओलीच्या कडेला साचतात. पुढच्या पानांना आधीच खळ लावून सुकवलेला चौरस मीटरला पाच ग्रॅम वजनाचा पातळ जपानी कागद वापरला, स्पिरिटमध्ये थोडे पाणी घालून तेवढ्यापुरता ओला केला. मग रेघ आली नाही.

सायंकाळी एक पान राहिले होते. कथेचे शेवटचे पान. युद्धाच्या वर्षांत समास इतके आवळले होते की खालच्या कडेला चारच मिलिमीटर उरत. नंतर कुणीतरी बारा अंक एकत्र बांधताना नेहमीसारखी छाटणी केली आणि कथेची शेवटची ओळ सुरीखाली गेली. काही अक्षरांचे फक्त माथे उरले आहेत. ओळीच्या मध्यावर एक वेलांटी, पुढे दोन मात्रा, आणि शिरोरेघ अखंड. शेजारच्या पानांची चाळण केली. एवढी खोल छाटणी आणखी सहा ठिकाणी आहे, पण तिथे जाहिराती आहेत. शिरोरेघेवरून शब्द जुळवून पाहायचा मोह होतो. आम्ही तो करत नाही.

दुसरी प्रत कुठे आहे का, याची पुण्यातल्या जुन्या संग्रहांकडे चौकशी सुरू केली आहे. तोवर त्या पानाला खाली नऊ मिलिमीटरची कोरी पट्टी जोडली, मूळ कागदाहून किंचित फिकट, म्हणजे जोड ओळखू येईल. ओळ सापडली तर मऊ पेन्सिलीने तिथे लिहिता येईल एवढी जागा आहे.