टँकर सकाळी सातला यावा म्हणून

आमचं घर उत्तर गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणपट्ट्यात, रस्त्याला लागून. २०१८ मध्ये खाणी बंद झाल्या तेव्हा आख्ख्या वाड्यावर सुतक आल्यासारखं झालं होतं. तुळशीची पानं मात्र हिरवी दिसायला लागली होती, हे कोणी मोठ्याने बोललं नाही. मीही नाही. आमच्या घरातसुद्धा एकेकाळी ट्रकचे हप्ते भरले गेलेत.

मग खनिज वाहतूक परत सुरू झाली आणि आईचा दमा उसळला. डॉक्टर म्हणाले, "धुळीत जाऊ देऊ नका." म्हणजे कुठे? धूळच घरात येत होती.

पहिले दोन हंगाम मी सगळं स्वतःच्या अंगावर घेतलं. एन-९५ मास्क आणले. आई ते हनुवटीवर घालून भाजी चिरायची. झाडू बंद करून ओल्या फडक्याने लादी पुसायला लागलो, खिडक्यांना ओल्या चादरी बांधल्या. शेवटी पगारातून हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलं. त्याचा फिल्टर तीन महिन्यांत विटेसारखा लाल झाला. चूक यंत्राची नव्हती. आमचं घर मंगळुरी कौलांचं, कौलाकौलामधून आभाळ दिसतं. अशा घरात यंत्र लावणं म्हणजे चाळणीत पाणी भरणं, हे पैसे मोजायच्या आधी सुचायला हवं होतं.

पंचायतीत तोंडी सांगून पाहिलं. एक पंच म्हणाले, "ट्रक थांबले तर तुझ्याच काकाच्या पोटावर पाय येईल." खरंच होतं ते, काकाचा टिप्पर त्याच रस्त्यावर धावतो. रविवारच्या ग्रामसभेत दुसऱ्या एकाने संविधानाचं कलम ५१-अ काढलं: पर्यावरण सांभाळणं हे नागरिकाचंही कर्तव्य, प्रत्येकाने दारात झाडं लावावीत. मला हसू आलं. झाडाच्या पानांवरचा लाल थर कोणी पुसायचा? १९८१च्या वायू प्रदूषण कायद्याखाली परवाना देणारं सरकार, परवानगी घेऊन माल हलवणारा दुसराच कोणी, आणि कर्तव्य तेवढं आईचं.

परवाना म्हटल्यावर डोक्यात आलं, त्याला अटी असणारच. माहिती अधिकाराचा अर्ज केला. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. तीनच गोष्टी मागितल्या: वाहतुकीला दिलेल्या संमतीची प्रत, ठरलेली वेळ आणि फेऱ्या, आणि हवा मोजल्याचे अहवाल. "धूळ का उडते" असं विचारलं असतं तर "सदर माहिती उपलब्ध नाही" एवढंच उत्तर आलं असतं. का-कशाला न विचारता कागद मागावा, हा सल्ला तालुक्यातल्या एका निवृत्त कारकुनाचा.

सत्ताविसाव्या दिवशी चौदा पानं मिळाली, पानाला दोन रुपये. मी ती ओसरीवर बसून मोठ्याने वाचली. ताडपत्री बांधल्याशिवाय ट्रक हलवू नये. फळीच्या वर माल भरू नये. रस्त्यावर ठरलेल्या वेळी पाणी मारावं. शाळेच्या वेळेत वाहतूक नको. सगळं आधीच लिहिलेलं होतं! मागायला काही नवीन उरलंच नव्हतं.

हवेचा अहवालही जोडला होता. पीएम १० म्हणजे श्वासातून आत जाणारी बारीक धूळ. आपल्याकडे तिची चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम, जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ पासून ४५. अहवालातला आकडा दोन्हींच्या खाली. खाली तारीख बघितली: जुलै. भर पावसात, वाहतूक बंद असताना मोजलेली हवा. अशा मोजणाऱ्यांचे पाय धुवून पाणी प्यायला हवं.

मग पंधरा दिवस आईच्या कालनिर्णयाच्या मागे नोंद ठेवली: पाणी मारणारा टँकर किती वाजता आला, किती ट्रक उघडे गेले. टँकर यायचा साडेअकराला, पहिला ट्रक सातला. तक्रारीत अटीचा क्रमांक, त्याखाली तारीख-वेळ, एवढंच लिहिलं. "असह्य त्रास" वगैरे शब्द मुद्दाम गाळले. सह्या गोळा करायला मी सर्वांत शेवटी काकाकडे गेलो. त्याने पाच मिनिटं कागद हातात धरला. म्हणाला, "ट्रक बंद कर म्हणून तर लिहिलं नाहीस ना?" नव्हतं लिहिलं. त्याने सही केली.

तपासणीला माणसं आली, नोटीस गेली, मध्ये दोन महिने काहीच झालं नाही, मी परत स्मरणपत्र दिलं. मग टँकर सातच्या आधी यायला लागला, दिवसातून तीनदा. ताडपत्र्या बऱ्यापैकी दिसतात. काका कुरकुरतो, फेरीमागे दहा मिनिटं जातात म्हणून, पण बांधतो. आईचा पंप सुटलेला नाही. रात्री दोनदाऐवजी एकदा लागतो. यंत्र कोपऱ्यात आहे, त्यावर ती कपड्यांच्या घड्या ठेवते.

गेल्या मंगळवारी पावणेआठला काकाचा फोन आला. मागे इंजिनाचा आवाज.

"टँकर येवंक ना आयज," तो म्हणाला. मग लिहून ठेव म्हणाला, "बरोवन दवर."