तेरला उन्हात कशाला जायचं?

‘तेरला बघण्यासारखं आहे तरी काय, आणि तेही उन्हाळ्यात?’ तेर हे धाराशिव जिल्ह्यातलं तेरणा नदीकाठचं गाव, आणि मी धाराशिवकडचा म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

ऊन आहेच. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, पावसाची ओढ असेल त्या वर्षी तेरणा कोरडी पडते, आणि दुपारी बारानंतर गल्ल्यांत चिटपाखरू दिसत नाही. तरी मी चैत्रातच जा म्हणेन. चैत्र वद्य त्रयोदशी ही गोरोबाकाकांची पुण्यतिथी. एरवी शांत असलेलं गाव तेव्हा दिंड्यांनी, टाळ-मृदंगांनी भरून जातं. संतांच्या मेळ्यात थापटणं हातात घेऊन कुणाचं मडकं कच्चं हे सांगण्याचा मान ज्या कुंभाराला मिळाला, आणि ज्याने नामदेवांनाही कच्चं ठरवलं, त्याची समाधी इथे नदीकाठी आहे.

तेरमध्ये डोळे दिपवणारं काही नाही, हे आधीच सांगतो. इथे आहे ते कारागिरांच्या हातचं काम. पहिल्या शतकात एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या सागरी व्यापाराच्या पुस्तकात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरचं ‘तगर’ येतं. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जात असे. ते तगर म्हणजे हेच तेर, असं इंग्रज इतिहास-अभ्यासक फ्लीट यांनी 1901 मध्ये मांडलं. आज एसटीतून उतरल्यावर यातलं काहीच जाणवत नाही. चहाची टपरी, पिंपळाचा पार, सावलीला बसलेल्या शेळ्या. म्हणून थेट त्रिविक्रमाच्या देवळाकडे चालत जा. मागची बाजू अर्धगोल आणि वर पिंप उभं चिरून पालथं घातल्यासारखं छप्पर, सगळं विटांचं. अनेक अभ्यासक हे मूळचं बौद्ध चैत्यगृह, म्हणजे प्रार्थनेचं दालन, मानतात. आज आत त्रिविक्रमाची पूजा होते. इतकी जुनी वास्तू रोजच्या वापरात राहिलेली महाराष्ट्रात फार थोड्या ठिकाणी बघायला मिळते.

इथल्या विटांची तर गोष्टच वेगळी. तेरच्या जुन्या देवळांतल्या काही विटा पाण्यावर तरंगतात. मातीत भाताचं तूस कालवून वीट भाजली की तूस जळून जातं, आत बारीक पोकळ्या राहतात आणि वीट हलकी होते. फुटक्या विटेच्या कडेला ही भोकं नुसत्या डोळ्यांनी दिसतात. कुणा अनाम वीटभट्टीवाल्याची ही अक्कल मला गावातल्या कुठल्याही मूर्तीपेक्षा मोठी वाटते.

भर दुपार मात्र रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयासाठी राखून ठेवा. लामतुरे इथलेच. शेतात, टेकाडांवर सापडलेल्या वस्तू त्यांनी जिवापाड जपल्या आणि त्या संग्रहातून हे शासकीय संग्रहालय उभं राहिलं. शंखाच्या बांगड्या, मातीच्या बाहुल्या, नाणी, आणि मणी तर असे की नजर हलत नाही. एका हस्तिदंती स्त्रीमूर्तीपाशी थांबाच. इटलीतल्या पाँपेईला 1938 मध्ये एक भारतीय हस्तिदंती मूर्ती सापडली. ही तिच्याशी मिळतीजुळती. पाँपेई इसवी सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं, म्हणजे ती मूर्ती त्याआधीच तिथे पोचलेली होती. तेरणेच्या काठावर उभं राहून हा हिशेब करताना मला अजूनही अंगावर काटा येतो.

जाताना टोपी, उपरणं आणि भरपूर पाणी घ्या. धाराशिवहून निघालात तर तासाभराच्या आत पोचाल. सकाळी लवकर निघा, म्हणजे देवळं उन्हाआधी होतील. जेवायला भाकरी, शेंगाची चटणी आणि ताक मिळालं तर दुसरं काही मागू नका.

आणि एक कळकळीची विनंती. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडावरून चालताना पायाशी मणी किंवा नक्षीचं खापर दिसलं, तर आठवण म्हणून खिशात टाकू नका. कुठे दिसलं ते संग्रहालयात जाऊन सांगा. वस्तू जागेवरून हलली की ती कुठल्या थरातली, कशाच्या शेजारची, हे पुन्हा कुणालाच सांगता येत नाही.