टायर गोटा झालाय आणि खिशात दोनच हजार आहेत

मे महिना संपत आला की पुण्यातल्या पंक्चरच्या दुकानांत एकच प्रश्न ऐकू येतो, "दादा, हा टायर एवढा पावसाळा काढेल का?" दादांचा धंदा टायर विकण्याचा असेल तर उत्तर "नाही", आणि पंक्चर काढण्याचा असेल तर "काढेल की!" दोघांनाही विचारू नका. उत्तर टायरवरच आहे.

टायरच्या बाजूच्या भिंतीवर, म्हणजे साईडवॉलवर, टीडब्ल्यूआय अशी अक्षरं किंवा बारीक त्रिकोण शोधा. तिथून सरळ वर नक्षीकडे गेलात की खाचेच्या तळाशी रबराचा छोटा उंचवटा दिसतो. आजूबाजूची नक्षी झिजून त्या उंचवट्याला टेकली की टायर संपला. केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुचाकीच्या नक्षीची किमान खोली ०.८ मिलिमीटर आहे. ही कायद्याची मर्यादा झाली. खाचेचं काम पाणी बाजूला सारण्याचं, आणि ०.८ मिलिमीटरची खाच पहिल्या सरीत नवले पुलाच्या उतारावर काय पाणी सारणार? जून तोंडावर असताना खोली दीड मिलिमीटरच्या आत आली असेल तर टायर बदलावा, असं माझं मत. दिवाळीनंतर तीच खोली असेल तर उरलेलं रबर कोरड्या रस्त्यावर वापरून घ्यायला हरकत नाही.

खोली मधोमध मोजायची. शहरातली गाडी बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे टायर मधूनच चपटा होतो आणि कडेची नक्षी नवीकोरी दिसत राहते. विकणारे लोक फोटो कडेचाच टाकतात. शिवाय साईडवॉलला फुगा आलेला, तडे आतपर्यंत गेलेले किंवा रबरातून धागे डोकावत असतील तर नक्षी कितीही असो, टायर बाद.

आता पैशांचा प्रश्न. मागचा टायर पुढच्यापेक्षा बराच लवकर झिजतो, कारण इंजिनची ओढ आणि मागे बसणाऱ्याचं वजन त्याच्यावर असतं. त्यामुळे दोन्ही एकदम बदला, हा सल्ला बहुतेक वेळा अनावश्यक असतो. जो संपला तो बदलायचा. दोन्ही संपलेत आणि पैसे एकाचेच आहेत, अशी वेळ आली तर धागे दिसणारा आधी. धागे कुठेच दिसत नसतील तर पुढचा आधी. जोरात ब्रेक मारताना वजन पुढे येतं, आणि पुढचं चाक घसरलं तर सावरायला वेळच मिळत नाही. मागचं घसरलं तर निदान थोडी संधी असते. दुसऱ्या टायरचे पैसे जमेपर्यंत पावसाच्या दिवशी पीएमपीच्या बसनं जावं. तिकीट टायरपेक्षा स्वस्त आहे.

मागचा अर्धवट झिजलेला टायर पुढे घालायचा जुगाड मात्र करू नका. स्प्लेंडरच्या जुन्या मॉडेलांत दोन्हीकडे २.७५-१८ हाच आकार असल्यानं हा मोह होतो. पण पुढच्या टायरची नक्षी सरळ जाण्यासाठी आणि ब्रेकसाठी वेगळी असते, त्यावर 'फ्रंट' असं छापलेलंही असतं. उलट जुन्या अ‍ॅक्टिव्हात दोन्ही टायर ९०/१००-१० असतात आणि नक्षीही बहुतेकदा एकच. तिथे निम्मा झिजलेला पुढचा टायर मागे आणि नवा पुढे, हा हिशेब बरोबर बसतो. फक्त टायरवरचा बाण आणि त्याशेजारी पुढे-मागे असं काही लिहिलंय का ते पाहून घ्या.

आकार बदलू नका, हे वेगळं सांगावं लागतं कारण दुकानदार 'एक साईज मोठा' हमखास सुचवतो. १००/९०-१७ म्हणजे रुंदी १०० मिलिमीटर, उंची रुंदीच्या ९० टक्के आणि रिम १७ इंची. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की त्याच्या कडा आत ओढल्या जातात, माथा टोकदार होतो आणि रस्त्याला टेकणारा पट्टा वाढायच्या ऐवजी विचित्र होतो. चेनकव्हरला घासणं आणि मायलेज घटणं वेगळंच. पैसे जास्त देऊन वाईट वस्तू घेण्याचा हा प्रकार. आकाराच्या पुढे ५३जे किंवा ४८पी असं काही लिहिलेलं असतं. आकडा वजन पेलण्याचा, अक्षर वेगाचं: जे म्हणजे ताशी १००, एल १२०, पी १५०, एस १८०. कंपनीनं दिलंय त्याच्या खाली उतरायचं नाही. वर जाण्यासाठी पैसे मोजायचीही गरज नाही.

खरेदीला नाना पेठ सोयीची, दुचाकीच्या सामानाची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. तीन ठिकाणी विचारा, आणि भाव विचारताना 'फिटिंगसकट की फिटिंगशिवाय' हे आधी स्पष्ट करा. १००-१२५ सीसीच्या गाडीचा टायर साधारण सव्वा ते दोन हजारांत येतो, ट्यूब अडीचशे ते चारशेच्या आसपास. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे जुना दर सांगणाऱ्याकडून पक्कं बिल मागा. भाव आपोआप बदलतो.

पैसे देण्याआधी उत्पादनाची तारीख वाचा. डीओटी या अक्षरांजवळ किंवा लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. २३२५ म्हणजे २०२५ सालातला तेविसावा आठवडा. सहा-आठ महिने सावलीत पडलेला टायर उत्तम असतो. दोन-अडीच वर्षं जुना असेल तर घासाघीस करा, नाहीतर सोडून द्या. ऑनलाइन स्वस्त दिसणारा टायर बऱ्याचदा असाच जुना निघतो, आणि बाहेरून आणलेला टायर बसवायला दुकानदार जास्त पैसे घेतो ते निराळंच.

सेकंड हँडमध्ये एक प्रकार खरोखर घेण्यासारखा आहे. नवी गाडी घेतल्या घेतल्या काही हौशी लोक कंपनीचे टायर काढून जाड टायर टाकतात. ते काढलेले टायर जवळजवळ नवे असतात आणि टायरच्या दुकानातच विचारलं तर मिळतात. तारीख पाहा, आतून हात फिरवून पॅच आहे का बघा, आणि बीडची तार, म्हणजे रिमवर बसणारी कडेची तार, कुठे वाकली किंवा रबर फाटून उघडी पडली आहे का ते तपासा. बीड खराब असेल तर फुकटही नको.

जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी टायरसुद्धा दिसतात. तिथून नट खोलायचे पाने घ्या, टायर घेऊ नका. गोटा टायरला गरम हत्यारानं नव्या खाचा पाडून, काळं पॉलिश मारून विकणं ही जुनी कला आहे. खाच पाडली म्हणजे नक्षी येत नाही, धाग्यांवरचं उरलंसुरलं रबर जातं. ओळख सोपी: टीडब्ल्यूआयचा उंचवटा सापडत नाही किंवा खाच त्याला चिरून आरपार गेलेली असते. जुन्या सांगाड्यावर नवा पट्टा चिकटवलेले रिमोल्डही दुचाकीसाठी टाळावेत. पट्टा सुटला तर तो चेनमध्ये किंवा मडगार्डमध्ये अडकून चाक जाम होतं.

तर पैसे वाचवायचे मजुरीत, रबरात नाही. आणि मजुरी वाचवायला सर्वांत सोपी गाडी म्हणजे स्पोकची, ट्यूबवाली. स्प्लेंडरसारख्या गाडीत मागचं चाक काढताना चेन सोडावी लागत नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. गाडी मेन स्टँडवर घ्या. ब्रेक रॉडचा नट काढा, ब्रेक पॅनलला, म्हणजे ब्रेक शू बसवलेल्या ड्रमच्या झाकणाला, धरणाऱ्या टॉर्क रॉडचा नट काढा, मग अ‍ॅक्सलचा नट. चेनच्या बाजूचा मोठा स्लीव्ह नट हलवायचा नाही, चेन अ‍ॅडजस्टरही नाही. अ‍ॅक्सल ओढून घेतला की ब्रेकच्या बाजूचा कॉलर, म्हणजे नळीसारखा छोटा तुकडा, खाली पडतो. त्याचं तोंड कुठे होतं ते फोनमध्ये टिपून ठेवा. चाक ब्रेकच्या बाजूला सरकवलं की निघतं आणि चेन-स्प्रॉकेट जागेवर राहतात.

चाक निघालंच आहे तर हबमधले, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातले, रबर, ब्रेक शू आणि बेअरिंग तपासा. रबर सैल असतील तर गिअर टाकताना मागून खडखड येते. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा, खरखर लागली तर आत्ताच बदला, कारण नंतर हीच मजुरी पुन्हा द्यावी लागेल. ड्रममधली धूळ ओल्या फडक्यानं पुसा, फुंकर मारू नका.

टायर उतरवायला दोन-तीन लिव्हर, म्हणजे चपट्या टोकाच्या पट्ट्या, लागतात. हवा सोडून व्हॉल्व्हची आतली पिन काढा, व्हॉल्व्हचा नट काढा, टाचेनं दाबून दोन्ही बाजूंचे बीड रिमपासून सोडवा. डिस्कचं चाक असेल तर खाली लाकडाचे ठोकळे किंवा जुना टायर ठेवा. डिस्कवर वजन आलं की ती वाकते, आणि नवी डिस्क टायरपेक्षा महाग पडते.

यापुढचं सगळं एका गोष्टीवर अवलंबून आहे. बीडमध्ये पोलादी तार असते, ती ताणली जात नाही. रिमच्या मधोमध जो खोलगट भाग असतो, त्यात समोरच्या बाजूचा बीड ढकलला तरच अलीकडे ढील मिळते. उतरवताना व्हॉल्व्हजवळून सुरुवात करायची आणि समोरची बाजू गुडघ्यानं खोलात दाबून धरायची. चढवताना उलट: व्हॉल्व्हच्या समोरून सुरुवात, शेवट व्हॉल्व्हजवळ. शेवटची वीतभर कड चढत नाही म्हणून जोर लावला जातो, आणि नवी ट्यूब चिमटून पंक्चर होते ती इथेच. जोर लागतोय म्हणजे समोरचा बीड खोलातून वर आलाय. थांबा, पुन्हा दाबा, साबणाचं पाणी लावा. लिव्हरचं टोक जेवढं हवं तेवढंच आत घाला.

नवा टायर घालण्याआधी रिममधला गंज पॉलिश पेपरनं काढा आणि स्पोकच्या टोकांवरची रबरी पट्टी पाहा. ती कडक होऊन चिरली असेल तर बदला. तिची किंमत एका पंक्चरपेक्षा जास्त नसते. ट्यूब नवीच घ्या. जुनी ट्यूब जुन्या टायरमध्ये ताणून मोठी झालेली असते, नव्यात तिला घडी पडते आणि त्या घडीवर ती महिन्या-दोन महिन्यांत फाटते. ट्यूबला थोडी टाल्कम पावडर लावा, गोल होईल एवढीच हवा भरा, मग आत घाला. बाणाची दिशा चाक पुढे फिरण्याच्या दिशेनं. टायरवर पिवळा ठिपका असेल तर तो व्हॉल्व्हजवळ आणा. ती टायरची हलकी बाजू असते.

एकदा हवा भरा, पूर्ण सोडा, पुन्हा भरा. यानं ट्यूबची मुरड निघते. रिमच्या कडेलगत टायरवर एक बारीक रेघ असते. ती दोन्ही बाजूंना सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर दिसली पाहिजे. एखाद्या ठिकाणी बुडाली असेल तर हवा सोडून तिथे साबण लावा आणि परत भरा. ४० पीएसआयच्या वर नेऊन बीड 'फोडायचा' प्रयत्न करू नका. व्हॉल्व्हचा नट रिमवर आवळून बसवू नका, वर टोपीपाशी सैल ठेवा. कमी हवेत ट्यूब आत सरकली तर व्हॉल्व्ह तिरका होऊन इशारा देतो. आवळलेला असेल तर मुळातून तुटतो.

ट्यूबलेस आणि अलॉय असेल तर लिव्हरच्या नादी लागू नका. रिमवर एक ओरखडा आला की तिथून हवा झिरपत राहते. चाक घरी काढा आणि मशीनवाल्याकडे न्या, तरी निम्मी मजुरी वाचते. टायरबरोबर रबरी व्हॉल्व्ह बदलून घ्या, तो पन्नास-शंभरच्या पलीकडे जात नाही. "रिम हवा धरत नाही, आत ट्यूब टाकून देतो" असं कोणी म्हणालं तर नको म्हणा. खड्ड्यात रिम वाकलीय, बीड बसतो तिथे पापुद्रे आलेत किंवा व्हॉल्व्ह गेलाय, यांतलंच कारण असतं, आणि तिन्ही दुरुस्त होतात. ट्यूब टाकली की खिळा लागल्यावर हळूहळू उतरणारी हवा एकदम जाते. नायट्रोजनचेही पैसे देऊ नका. पेट्रोल पंपावरची फुकटची हवा पुरते.

चाक परत बसवताना टॉर्क रॉड विसरणं ही सर्वांत धोकादायक चूक. तो नसेल तर ब्रेक मारताच पॅनल चाकाबरोबर फिरतं आणि चाक जाम होतं. पुढच्या ड्रमच्या चाकात पॅनलची खाच फोर्कच्या खुंटीवर बसली पाहिजे, स्पीडोमीटरच्या गिअरची जीभही जागेवर. नट फिरू नये म्हणून घातलेली स्प्लिट पिन नवी टाका. पुढे डिस्क असेल तर चाक बाहेर असताना ब्रेक दाबू नका, पॅड एकमेकांना चिकटतात. चाक बसल्यावर ब्रेकचा लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा, मगच गाडी हलवा.

हवा किती, हे चेनकव्हरवरच्या किंवा स्विंगआर्मवरच्या स्टिकरवर असतं. बऱ्याच १५० सीसीपर्यंतच्या गाड्यांत पुढे २५, मागे एकट्यासाठी २८ आणि डबलसीटला त्याहून जास्त. पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर सिंहगड घाट बाजूला ठेवा. नव्या रबराचा गुळगुळीत थर झिजेपर्यंत टायर वळणावर आणि ओल्या रस्त्यावर निसटतो. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी थंड असताना हवा मोजा. तीन-चार पीएसआयनं उतरली असेल तर आधी व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब टाका, मग ट्यूबलेस असेल तर बीडच्या कडेनं. पन्नासेक किलोमीटर झाले की अ‍ॅक्सलचा आणि टॉर्क रॉडचा नट पाना लावून पुन्हा एकदा पाहा.