चैत्यभूमी, सहा वाजता

दादरच्या चैत्यभूमीचा सिल्हूट फोटो, म्हणजे उजळ आकाशापुढं नुसती काळी आकृती दिसते तो, काढायचा तर ६ डिसेंबरला जाऊ नका, असं मी सगळ्यांना सांगतो. त्या दिवशी लोक बाबासाहेबांना अभिवादन करायला लांबलांबून येतात, तासनतास रांगेत असतात, आणि तिथं आपण ट्रायपॉड लावून वाट अडवायची म्हणजे काय! नंतरच्या एखाद्या साध्या संध्याकाळी जावं. डिसेंबरात सूर्य नैऋत्येकडं सरकलेला असतो, सहाच्या आसपास मावळतो, आणि खरा रंग तो बुडाल्यानंतर पुढची पंधरा-वीस मिनिटं असतो, तेव्हा बहुतेक लोक मोबाईल खिशात टाकून भेळ खायला गेलेले असतात.

इथला स्तूप तसा छोटाच. ७ डिसेंबर १९५६ ला याच चौपाटीवर बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, आणि आत्ताच्या वास्तूचं उद्घाटन ५ डिसेंबर १९७१ ला त्यांच्या सूनबाई मीराताई आंबेडकरांच्या हस्ते झालं. चौकोनी बांधकाम, वर घुमट. पण सावलीत नुसता घुमट घेतला ना, तर तो कुठलाही घुमट वाटू शकतो, ओळख पटते ती सांचीसारख्या तोरणामुळे. त्या आडव्या पट्ट्यांच्या मधून आकाश दिसलं पाहिजे, तिथं मागून झाड किंवा विजेची तार आली की गेला फोटो. म्हणून खाली बसायचं, दोन पावलं इकडं, एक तिकडं, सूर्य बरोबर कमानीमागं येईपर्यंत.

सेटिंग काही अवघड नाही. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत उजेड किती घ्यायचा ते, आकाशावर घ्यायचं, फोनवर उजळ भागावर बोट दाबून धरलं की लॉक होतं, मग थोडं आणखी खाली ओढा. एचडीआर मात्र बंदच करा, नाहीतर फोन अतिशहाणपणा करून सावल्या उजळवतो आणि सगळं राखाडी होतं. आणि नंतर ते सॅच्युरेशन वाढवून आकाशाचं शेंदरी लोणचं घालू नका प्लीज.

बाजूच्या व्ह्यूइंग डेकवरून सी लिंक झकास दिसतो, पण तिथून स्तूपाकडं वळलात की मावळता सूर्य तुमच्या पाठीशी, म्हणजे तिथून सिल्हूट होतच नाही.

मागं एकदा नांदेडकडच्या एका आजींनी कमानीपुढं उभ्या असलेल्या स्वतःच्या घरच्यांचा मी काढलेला फोटो बघितला आणि म्हणाल्या, "बाळा, ह्यात आमची तोंडं कुठायत?" मी म्हटलं आजी, हा असाच असतो, कलात्मक. "आसंल बाबा, पण गावाकडं दाखवायचाय ना." बरोबरच होतं की त्यांचं. मग सगळ्यांना समुद्राच्या बाजूला नेलं, तोंडावर उन्हं, मागं स्तूप, असा सरळ साधा फोटो काढला आणि नातवाच्या व्हॉट्सॅपवर पाठवला, तर लगेच म्हणाल्या की आता अजून एक काढ, ह्यात सूनबाईचे डोळे मिटलेत.